शिपायाचें पिस्तुल आणि नेमबाजाचें पिस्तुल

धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गचा किल्ला आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. बोरी नदीस अडविणारा बंधारा, त्याच्या पोटांत बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यांत बंधाऱ्यावरून कोसळणारे नर व मादी हे दोन धबधबे पाहून बहुतेक लोक परततात. ज्यांच्या पायांत थोडा दम आहे ते उपळ्या बुरुजावर चढून तेथील लांब तोफाही पाहून येतात. आजचा माझा विषय तोफांचा नाहीं. एका हातानें पेलावयाच्या शस्त्राचा आहे. तरी आरंभ नळदुर्गापासून करण्यास कारण आहे.

१८५३ सालीं निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यांत तह झाला. हैदराबादच्या तैनाती पलटणींचा खर्च भागविण्यासाठीं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवकडील पश्चिमेचा मुलूख कंपनीच्या कारभाराखालीं गेला. या पश्चिमेकडील मुलुखावर कॅप्टन मेडोज टेलर यांची नेमणूक झाली आणि त्यांनीं नळदुर्गास ठाणें केलें. ठगाच्या कबुलीजबाबावर रचलेल्या १८३९ सालच्या कादंबरीचे कर्ते म्हणून वाचकांस ते परिचित आहेत. १८५७ सालीं वऱ्हाडांत बदली होईपर्यंत ते येथें होते. पुढें १८६० सालीं हा मुलूख निजामाकडे परत गेला.

टेलर यांच्या नळदुर्गांतील वास्तव्याचीं हीं वर्षें आणि पिस्तुलाच्या इतिहासांतील एका मोठ्या वादाचीं वर्षें एकच होत. त्या काळीं इंग्रज अधिकाऱ्यास कमरेचें पिस्तुल स्वतःच्या पैशानें विकत घ्यावें लागे. म्हणजे निवड त्याची, आणि चुकली तर प्राणही त्याचेच. १८५१ सालच्या लंडनच्या प्रचंड प्रदर्शनांत अमेरिकेचे सॅम्युअल कोल्ट आपलीं फिरत्या चक्राचीं पिस्तुलें घेऊन आले, आणि त्याच वर्षीं लंडनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनीं आपल्या निराळ्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें. कोल्टच्या नौदली नमुन्याची नळी ·३६ इंच व्यासाची, आणि चक्रांत सहा बार. परंतु प्रत्येक बारापूर्वीं अंगठ्यानें घोडा मागें ओढून चढवावा लागे. ॲडम्सच्या पिस्तुलांत बार पांच, गोळी अधिक वजनदार. आणि घोडा चढविण्याची यातायात नाहीं. चाप ओढला कीं घोडा आपोआप चढे आणि पडे.

या दोहोंत चांगलें कोणतें? रणांगणानें आपलें उत्तर लवकरच दिलें. क्रिमियाच्या युद्धांत, इंकरमनच्या लढाईंत शत्रूंच्या गराड्यांत सांपडलेल्या एका अधिकाऱ्यानें ॲडम्स यांस पत्र लिहून कळविलें कीं प्रत्येक वेळीं घोडा चढवावा लागता तर आपण जिवंत राहिलों नसतों. १८५५ सालीं लेफ्टनंट बोमाँट यांनीं ॲडम्सच्या यंत्रांत सुधारणा केली, आणि पुढल्याच वर्षीं तें सुधारलेलें पिस्तुल ब्रिटिश सरकारनें स्वीकारलें. कोल्ट यांचा लंडनचा कारखानाही त्याच सुमारास बंद पडला.

येथें ॲडम्सचा विजय झाला असें लिहून ग्रंथकार बहुधा पान उलटतात. मला हा निकाल अपुरा वाटतो. बोमाँट यांनीं सुधारणा केली म्हणजे काय केलें? ॲडम्सनें जें काढून टाकलें होतें तेंच परत आणलें! घाई असेल तर नुसता चाप ओढावा. सवड असेल तर अंगठ्यानें घोडा चढवून मग नेम धरावा, अशी दुहेरी सोय त्यांनीं केली. याचा अर्थ उघड आहे. गर्दींत जगण्यासाठीं ॲडम्सची रीत बरी, परंतु नेमकें मारावयाचें असेल तर कोल्टची. शिपायाचें पिस्तुल आणि नेमबाजाचें पिस्तुल यांच्या वाटा येथें फुटल्या, त्या आजतागायत निराळ्या आहेत.

कारण सोपें आहे. घोडा अगोदरच चढलेला असला म्हणजे चापाला फक्त खटका सोडवावयाचा असतो. बोटाचा प्रवास थोडा, जोरही थोडा. घोडा चढविण्याचें ओझें चापावरच टाकलें कीं बोट दूरवर आणि जोरानें ओढावें लागतें, आणि त्या ओढीबरोबर नळीचें तोंड हलतें. किती हललें तर बिघडतें? पिस्तुलाच्या तोंडाशीं जी माशी असते आणि मागें जी खांच असते त्यांच्यांतील अंतर २०० मिलिमीटर आहे असें धरा. माशी खांचेंतून एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी १२५ मिलिमीटर दूर पडते. हेंच अंतर १५० मिलिमीटर असेल तर ती सुमारें १६७ मिलिमीटर दूर पडेल. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५० मिलिमीटर! लांब नळीनें गोळी अधिक सरळ जाते असा जो लोकसमज आहे तो म्हणूनच अर्धा खरा. लांब नळीचा खरा उपयोग डोळ्याला आहे. डोळ्याची चूक ती लवकर उघडी पाडते.

पूर्ण आकाराच्या पिस्तुलाचे जे निरनिराळे प्रकार एकाच नांवानें विकले जातात, ते या दृष्टीनें पाहावे. अमेरिकन सैन्यानें १९११ सालीं स्वीकारलेलें कोल्टचें ·४५ चें पिस्तुल घ्या. मूळ नमुन्याची नळी पांच इंच, वजन सुमारें अकराशें ग्रॅम. पुढें त्याचाच सव्वाचार इंची धाकटा भाऊ निघाला. तो कमरेला हलका. १९५७ सालीं गोल्ड कप नांवाचा प्रकार निघाला, त्यांत नळी पांच इंचांचीच ठेवली, परंतु मागची खांच स्क्रूनें वरखालीं आणि आजूबाजूस सरकविण्याची सोय केली आणि चाप रुंद व सफाईदार बसविला. दुरून पाहणारास तिन्ही एकाच सांच्यांतून निघालेलीं वाटतात. विकत घेणारानें मात्र दुरून पाहूं नये.

याहून बोधप्रद उदाहरण स्मिथ आणि वेसन या कारखान्याच्या तीन रिव्हॉल्व्हरांचें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनीं सहा इंची नळीचीं तीन पिस्तुलें एकाच सांगाड्यावर बांधलीं. एक ·२२ चें, दुसरें ·३२ चें, तिसरें ·३८ चें. छिद्र लहान तर नळीचें पोलाद अधिक, आणि त्यामुळें वजन अधिक, असा पेंच होता. तेव्हां नळीवरील पट्टीची रुंदी कमीजास्त करून, काडतुसें भरल्यावर तिहींचें वजन सारखें भरेल अशी योजना केली. एका प्रकारावर बसलेला हात दुसऱ्यावर बुजूं नये, हा हेतु. कारखानदारीच्या इतिहासांत नेमबाजाच्या मनगटाचा इतका विचार क्वचितच झाला असेल.

आतां या तिहींतून निवड करावयाची झाली, तर अमेरिकेंतील मनुष्य आपल्या आवडीनें करील. आपल्याकडे आवडीच्या अगोदर कायदा उभा असतो. १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांप्रमाणें ·३८० चीं किंवा लष्करी ९ मिलिमीटरचीं काडतुसें ज्यांत बसतात तीं पिस्तुलें निषिद्ध वर्गांत मोडतात. सैन्य व पोलीस यांच्या कोठारांतील काडतुसें बाहेर चालूं नयेत, हें त्यामागील तर्कशास्त्र. नामांकित नेमबाजांसाठीं कांहीं सवलती आहेत. सामान्य परवानेदाराला मात्र ·३२ ची वाट मोकळी राहते. आणि नशीब असें कीं ती वाट नेमबाजीच्या दृष्टीनें मुळींच वाईट नाहीं. ·३२ चा धक्का सौम्य असतो. या काडतुसाची सपाट तोंडाची गोळी मिळते. ती कागद न फाडतां त्यांत स्वच्छ गोल भोंक पाडते, त्यामुळें गुण मोजतांना तंटा राहत नाहीं. जगांतील उत्तम नेमबाजांनीं कोणत्याही कायद्याची सक्ति नसतांना ·३२ पत्करलें आहे.

तरी येथें एक सावधगिरी हवी. आपल्या सरकारी कारखान्यांचें जें ·३२ चें रिव्हॉल्व्हर गांवोगांवच्या प्रतिष्ठितांच्या कमरेला दिसतें, तें आखूड नळीचें आणि स्वसंरक्षणाचें. ·३२ म्हणजे ·३२ असें समजून त्यावर नेमबाजी शिकूं पाहणारा तरुण पैसा आणि वर्षें दोन्ही गमावतो, आणि शेवटीं दोष आपल्या हाताला देतो. कमरेला शोभणारें शस्त्र आणि लक्ष्यापुढें उभें करावयाचें शस्त्र, हा १८५१ चाच भेद आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांनीं तर नेमबाजाच्या पिस्तुलाची मापेंच ठरवून टाकलीं आहेत. २५ मीटरच्या स्पर्धेसाठीं वजन १४०० ग्रॅमपर्यंत, नळी १५३ मिलिमीटरपर्यंत, माशी व खांच यांतील अंतर २२० मिलिमीटरपर्यंत. आणि चाप १००० ग्रॅमचें वजन उचलील इतका तरी कठीण असलाच पाहिजे. स्पर्धेंत साठ बार असतात. पहिले तीस सावकाश; पुढील तीस असे कीं लक्ष्य सात सेकंद दडतें आणि तीन सेकंद दिसतें, तेवढ्यांत हात वर करून एक बार टाकावयाचा. कोल्ट आणि ॲडम्स यांचें जुनें भांडण जणूं एकाच दिवशीं दोन भागांत मांडलें आहे! मोठ्या काडतुसांच्या या प्रकारांत जसपाल राणा यांनीं १९९४ सालीं हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, आणि २००६ सालीं दोहा येथें ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली.

स्त्रियांच्या २५ मीटर स्पर्धेचा प्राथमिक फेरीचा क्रम हाच, मात्र पिस्तुल ·२२ चें. त्यांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं कोरियांतील चांगवोन येथें विश्वचषकाचें सुवर्णपदक जिंकलें. पिस्तुलाच्या प्रकारांत असें पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्याच भारतीय. २०१८ च्या आशियाई स्पर्धेंतही सुवर्णपदक त्यांचेंच. तिन्ही भावंडांतील सर्वांत धाकट्याला ज्यांना कमी लेखावेसें वाटतें, त्यांनीं हीं दोन सालें लक्षांत ठेवावीं.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा येथील एखादा मुलगा किंवा मुलगी उद्यां या मार्गानें जाईल, तर प्रथम त्याच्या हातीं दहा मीटरवरचें हवेचें पिस्तुल येईल, आणि तेंच योग्य आहे. पुढें ·२२ कीं ·३२, रिव्हॉल्व्हर कीं आपोआप भरणारें, हा प्रश्न उभा राहील तेव्हां दुकानदाराच्या बोलण्याकडे लक्ष न देतां एक लहानशी परीक्षा करावी. शस्त्र रिकामें आहे याची स्वतः खात्री करून घ्यावी, तें सुरक्षित दिशेस धरावें, डोळे मिटून हात सवयीप्रमाणें खांद्याच्या उंचीस न्यावा, मग डोळे उघडावे. माशी खांचेच्या मध्यावर उभी असेल तर ती मूठ आपल्या हाताची आहे. दर वेळीं एकाच बाजूला झुकलेली दिसली तर तें पिस्तुल कितीही नामांकित असलें तरी परत ठेवावें आणि दुसरें मागावें.