खिसा नव्हता म्हणून

आपल्या लुगड्याला खिसा नसतो, म्हणून आपण पैसे कनवटीला लावतो. जपानच्या किमोनोलाही खिसा नसतो. तिथल्या बायका लहानसहान वस्तू बाहीत ठेवत, पुरुष त्या दोरीने कमरपट्ट्याला लटकवत. त्यातून एक कला घडली. आज तिची गोष्ट सांगतो.

काळ १६०३ ते १८६८ चा, म्हणजे एदो काळ. औषधाच्या गोळ्या ठेवायच्या छोट्या डबीला इन्रो म्हणत. जेवणाच्या डब्यासारखे तिचे तीन-चार पुडे एकावर एक बसत. दोन्ही बाजूंनी ओवलेली दोरी पट्ट्याखालून वर काढायची. तिच्या टोकाला कोरीव गुंडी असे, ती नेत्सुके. ती पट्ट्यावर अडकली की डबी खाली घसरत नसे.

डबीवर उरुशी झाडाच्या चिकाचे लेप देत. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले. कच्चा चीक अंगाला लागला तर बिब्ब्यासारखाच उततो. आपले पापड उन्हात वाळतात, हा चीक मात्र दमट हवेतच कडक होतो. पातळ लेप द्यायचा, कडक झाला की घासायचा, पुन्हा लेप. शेवटी ओल्या लेपावर सोन्याची पूड भुरभुरवून चित्र काढायचे.

नेत्सुके लाकडाची किंवा हस्तिदंताची असे. उंदीर कोरला तर त्याची शेपूट पोटाशी वळवलेली, कारण टोक राहिले तर कपड्यात अडकेल. वापराची सोय बघता बघता सुबकपणा आला.

१८६८ नंतर हळूहळू खिशाचे कपडे आले. नेत्सुकेची गरज संपली. परदेशी लोकांनी त्या हौसेने विकत घेतल्या. आज लंडन, बोस्टनच्या संग्रहालयांत त्या काचेआड आहेत. अनेकींवर कोरणाऱ्याचे नावही आहे.

पण चीक काढणाऱ्याचे काय? झाड दहा-पंधरा वर्षे वाढवायचे. मग उन्हाळ्यापासून खोडाला चिरा देत थेंब थेंब खरवडायचा. हंगामभरात एका झाडाचा चीक साधारण २०० ग्रॅम, पेलाभर. नंतर झाड तोडतात. त्या माणसाचे नाव डबीवर नसते.

आपण गटात केरसुणीचा भाव ठरवतो तेव्हा बांधणारीची मजुरी धरतो. शिंदीची पाने तोडून आणणारीची धरतो का? पुढच्या बैठकीत हा हिशेब एकदा मांडू या.