बिनपगारी गुरु आणि फुटबॉलांतील वर्णद्वेष

कोणत्याहि सुधारणेचा इतिहास लिहावयास बसलेल्या लेखकाचें लक्ष प्रथम कायद्यांकडे, ठरावांकडे आणि थोर पुरुषांकडे जातें. कारण त्यांच्या तारखा सांपडतात. ज्यांनीं ती सुधारणा पावसांत भिजत, चिखल तुडवीत, कोणी विचारीत नसतां केली, त्यांच्या तारखा कोणी टिपून ठेवीत नाहीं. इंग्लंडांतील फुटबॉलमधून वर्णद्वेष हांकून लावण्याच्या प्रयत्नांची हकीकत सांगतांना हाच दोष वारंवार घडतो. पार्लमेंटनें अमुक सालीं कायदा केला, फुटबॉल असोसिएशननें तमुक सालीं मोहिमेला पाठिंबा दिला, एवढें सांगितलें कीं सर्व सांगून झालें असें समजतात. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. या लढ्यांत संस्था मागून आल्या. आधीं आलीं तीं शनिवार-रविवारीं मुलांना चेंडू खेळावयास शिकविणारीं आणि पदरचे पैसे खर्चून सामना पाहणारीं साधीं माणसें. याच माणसांच्या हातून कांहीं अन्यायहि घडले. या दोन्ही गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या असा आमचा उद्देश आहे.

इंग्रजांच्या या खेळांत कृष्णवर्णीय माणसें काल-परवां आलीं ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. असोसिएशनची स्थापना लंडनांत १८६३ सालीं झाली. आणि १८८१ सालीं इंग्लंडचा ६-१ असा पराभव करणाऱ्या स्कॉटलंडच्या संघाचा कर्णधार अँड्र्यू वॉटसन हा ब्रिटिश गियानांत जन्मलेला कृष्णवर्णीय तरुण होता. आर्थर व्हार्टन हा १८६५ सालीं आक्रा येथें जन्मला. शिक्षणासाठीं इंग्लंडांत आल्यावर १८८६ सालीं त्यानें शंभर यार्डांची शर्यत दहा सेकंदांत जिंकली, आणि पुढें गोलरक्षक म्हणून नांव मिळविलें. जगांतील पहिला कृष्णवर्णीय धंदेवाईक फुटबॉलपटू म्हणून तो गणला जातो. एवढ्या कर्तबगारीचा शेवट काय? उतारवयांत तो कोळशाच्या खाणींत मजुरी करीत होता, आणि १९३० सालीं मरण पावल्यावर त्याच्या थडग्यावर नांवाचा दगडहि बसला नाहीं.

वॉल्टर टल या पोरक्या मुलाची गोष्ट याहून प्रसिद्ध आहे. लंडनच्या अनाथाश्रमांत तो वाढला आणि १९०९ सालीं टॉटनहॅमच्या संघांत आला. त्याच वर्षीं ब्रिस्टल येथील सामन्यांत प्रेक्षकांनीं त्याच्या वर्णावरून जी भाषा वापरली ती मासळीबाजारालाहि लाजविणारी होती, असें एका वार्ताहरानें लिहून ठेवलें आहे. पुढें लौकरच टलचें पहिल्या संघांतील स्थान गेलें. तो नॉर्थॅम्प्टनकडून शंभरावर सामने खेळला, महायुद्धांत लष्करी अधिकारी झाला आणि मार्च १९१८ मध्यें रणांगणावर पडला. तिसरें उदाहरण जॅक लेस्ली याचें. प्लिमथकडून खेळत असतां १९२५ सालीं इंग्लंडच्या संघासाठीं आपली निवड झाल्याची बातमी त्याला त्याच्या व्यवस्थापकानेंच दिली; पण संघ जाहीर झाला तेव्हां खेळणाऱ्या अकरांत त्याचें नांव नव्हतें. निवड करणारे आपला खेळ पहावयास आले नव्हते, तोंड पहावयास आले होते, अशा अर्थाचे उद्गार त्यानें म्हातारपणीं काढले. निवृत्तीनंतर तो वेस्ट हॅम क्लबांत खेळाडूंचे बूट साफ करण्याचें काम करी. इंग्लंडतर्फे खेळणाऱ्यास जी मानाची टोपी देतात ती असोसिएशननें त्याच्या नांवें २०२३ सालीं दिली. तेव्हां त्याला जाऊन पस्तीस वर्षें झालीं होतीं.

व्हार्टन, टल व लेस्ली यांच्या हकीकती शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे एक गोष्ट नजरेस येते. व्हार्टन डार्लिंग्टनला, टल क्लॅप्टनला आणि लेस्ली बार्किंगला, असे तिघेहि प्रथम हौशी क्लबांत खेळले. जेथें खेळाचा पगार नव्हता, तेथें त्यांना दार उघडें मिळालें. मानाच्या जागीं बसलेल्या मंडळींनीं मात्र तें लावून घेतलें, किंवा तें लागत असतां पाहून न पाहिल्यासारखें केलें.

१९४८ सालीं ‘एम्पायर विंडरश’ हें जहाज वेस्ट इंडीजमधील उतारू घेऊन टिलबरीच्या धक्क्याला लागलें. त्यांच्या मागोमाग वेस्ट इंडीज, हिंदुस्थान, पाकिस्तान येथून हजारों कुटुंबें इंग्लंडच्या गिरण्यांच्या व कारखान्यांच्या गांवीं येऊन राहिलीं. त्यांच्या मुलांना जुन्या क्लबांत शिरकाव मिळणें कठीण होतें. तेव्हां त्यांच्या वडील मंडळींनीं व थोरल्या भावांनीं आपलेच क्लब काढले. लेस्टरमध्यें वेस्ट इंडियन तरुणांचा हायफील्ड रेंजर्स आणि गुरु नानक गुरुद्वाराच्या नांवानें शीख मंडळींनीं चालविलेला क्लब हे याच सुमाराचे. अशा क्लबांत दिवसा कारखान्यांत काम करणारा मनुष्य संध्याकाळीं मुलांना शिकवी, वर्गणी गोळा करी, सदरे धुवी आणि परगांवच्या सामन्याला आपल्याच मोटारींतून मुलांना कोंबून नेई. त्या मैदानांवर शिव्या ऐकून घेऊनहि डोकें शांत कसें ठेवावें, हें शिकविणें त्याच्या शिक्षणक्रमांत चेंडू अडविण्याइतकेंच आवश्यक होतें.

या पिढींतील मुलें मोठीं होऊन मोठ्या मैदानांवर आलीं तेव्हां जो प्रकार झाला तो इंग्रजांच्या खिलाडूपणाच्या कीर्तीला डाग लावणारा होता. नोव्हेंबर १९७८ मध्यें व्हिव्ह अँडरसन हा इंग्लंडच्या मुख्य संघांतून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. १९८२ सालीं सिरिल रेजिस याची इंग्लंडच्या संघांत निवड झाली, त्या वेळीं त्याला टपालानें बंदुकीची गोळी आली. त्याच वर्षीं चेल्सीचा पॉल कॅनोव्हिल प्रथमच मैदानांत उतरण्याच्या तयारींत असतां त्याच्यावर शिव्यांचा वर्षाव झाला. आणि तो करणारे प्रतिपक्षाचे नव्हते, चेल्सीचेच पाठीराखे होते. १९८८ सालीं लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सच्या पायांशीं केळें फेंकण्यांत आलें आणि त्यानें तें टांचेनें बाहेर लोटून दिलें. त्या क्षणाचें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें. त्यांत बार्न्सचा तोल ढळलेला दिसत नाहीं. ढळली होती ती आसपासच्या समाजाची लाज.

या वेळीं प्रतिकारास प्रथम उभे कोण राहिले? लीड्स येथें मैदानाच्या दारांत वर्णद्वेषी पक्षाचीं पत्रकें उघडपणें विकलीं जात. १९८७ सालीं तेथील कांहीं प्रेक्षकांनींच मंडळ स्थापिलें आणि त्याच दारांत उभे राहून उलट बाजूचीं पत्रकें वांटण्यास सुरुवात केली. पार्लमेंटनें कायदा केला तो १९९१ सालीं. त्या कायद्यांतहि एक मौजेची फट होती. वर्णद्वेषी घोषणा हा गुन्हा ठरविला खरा, पण घोषणेच्या व्याख्येप्रमाणें ती निदान दोघांनीं मिळून दिलेली असावी लागे. एकट्यानें घसा फोडून ओरडणारा निर्दोष सुटे. ही फट बुजविण्यास १९९९ साल उजाडावें लागलें. वांशिक समतेचें सरकारी कमिशन व धंदेवाईक खेळाडूंचा संघ यांनीं मिळून काढलेली मोहीम १९९३ ची. तीच पुढें ‘किक इट आउट’ या नांवानें प्रसिद्ध झाली.

शेफील्डचें उदाहरण आम्हांस विशेष बोधप्रद वाटतें. तेथील ब्रॅमल लेन मैदानाच्या आसपास कृष्णवर्णीय व एशियाई वस्ती आहे. सामन्याच्या दिवशीं रस्त्यानें जाणाऱ्या रहिवाशांना अपमान सोसावे लागत. १९९५ सालीं क्लबाचे कांहीं पाठीराखे व शेजारचे रहिवासी एकत्र आले. फुटबॉल जोडतो, वर्णद्वेष तोडतो, अशा अर्थाचें नांव त्यांनीं आपल्या कार्याला दिलें. निषेधाच्या सभा भरवून ते थांबले नाहींत. त्यांनीं वस्तींतील मुलांना खेळावयास शिकविलें, तरुणांना शिक्षक व पंच होण्याच्या परीक्षांना बसविलें. व्हार्टनच्या निनांवी थडग्यावर १९९७ सालीं दगड बसला तोहि याच मंडळींच्या खटपटीनें. सदुसष्ट वर्षें असोसिएशनला जें सुचलें नाहीं तें शेजारच्या गांवच्या हौशी लोकांना सुचलें!

न्यूकॅसलची गोष्टहि अशीच. तेथील गोलरक्षक शाका हिस्लॉप एका पेट्रोलपंपावर उभा असतां कांहीं पोरांनीं त्याला वर्णावरून शिव्या दिल्या. त्यांपैकीं एकानें त्याला ओळखलें मात्र, तींच पोरें सही मागावयास धांवलीं. शिवी देणारा आणि सही मागणारा मुलगा एकच आहे, हें हिस्लॉपनें ओळखलें. या पोरांना पोलिसांपेक्षां शिक्षकाची गरज अधिक आहे असें मानून त्यानें दिलेल्या देणगीच्या आधारानें, शाळाशाळांतून खेळाडूंना नेऊन मुलांशीं बोलतें करणारी संस्था १९९६ सालीं उभी राहिली.

एक मनुष्य एका मुलासाठीं काय करूं शकतो याचा दाखला हवा असल्यास इयन राइटचा घ्यावा. दक्षिण लंडनच्या एका प्राथमिक शाळेंत हा मुलगा व्रात्य म्हणून वर्गाबाहेर उभा केला जाई. सिडनी पिगडन या शिक्षकांनीं त्याला हाताशीं धरलें. लिहावयास-वाचावयास शिकविलें, हजेरीपटांचें काम सोंपविलें आणि चेंडू नुसता जोरानें मारण्याऐवजीं नेमका जाळ्यांत कसा सोडावा हें दाखविलें. पिगडन हे पगारी शिक्षक होते खरे. परंतु त्यांनीं दिलेलें लक्ष कोणत्याहि पगारांत मोजतां येण्यासारखें नव्हतें. राइट धंदेवाईक झाला तो जवळजवळ बावीस वर्षांचा असतां, १९८५ सालीं. पुढें आर्सेनलकडून त्यानें १८५ गोल केले. पिगडन वारले अशी त्याची समजूत होती. पुष्कळ वर्षांनीं आर्सेनलच्या रिकाम्या मैदानांत ते अकस्मात् समोर उभे राहिले, तेव्हां या नामांकित खेळाडूचा हात आधीं डोक्यावरील टोपी काढण्याकडे गेला आणि मग त्याला रडूं कोसळलें.

परंतु बिनपगारी गुरूंची केवळ स्तुति करून आम्ही थांबलों तर तें अर्धसत्य होईल. वर्णद्वेष शिवीच्याच रूपानें येतो असें नाहीं. पुष्कळदां तो हितचिंतकाच्या रूपानें येतो. मुलगा कृष्णवर्णीय दिसला कीं त्याला धांवण्यासाठीं कडेला ठेवावयाचें, आणि डोकें लागतें त्या मधल्या जागीं किंवा कर्णधार म्हणून गोऱ्या मुलाला नेमावयाचें, ही पद्धति वर्षानुवर्षें चालली. कृष्णवर्णीय खेळाडूंत वेग व कौशल्य असतें, पण हिंवाळ्यांत संघ तारून नेण्यास टणक गोरे गडीच लागतात, अशा आशयाचें विधान एका मोठ्या क्लबाच्या अध्यक्षानें १९९१ सालीं दूरचित्रवाणीवर केलें होतें. एशियाई मुलांविषयींचे ग्रह निराळे: तीं नाजुक, त्यांचें खाणें हलकें, त्यांच्या आईबापांना अभ्यासाखेरीज कांहीं नको, त्यांचा खेळ क्रिकेट. १९९६ सालीं या प्रश्नावर प्रसिद्ध झालेल्या अहवालाला ‘एशियन्स कान्ट प्ले फुटबॉल’ असें उपरोधिक नांवच देण्यांत आलें. मैदानें एशियाई मुलांनीं गजबजलेलीं असतां मोठ्या क्लबांचे पारखी तिकडे फिरकत नव्हते, मग एशियाई खेळाडू वर येत नाहींत याचें नवल कसलें? लंडनांत महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. विलायतेंत वाढणारीं आपलीं मुलेंहि याच मैदानांवर खेळतात. या ग्रहाला आपल्या घरांतून आपणच दुजोरा देतों काय, हा प्रश्न तेथील मराठी आईबापांनीं स्वतःस विचारण्यासारखा आहे.

म्हणूनच मुलांच्या संघाचें काम पत्करणाऱ्याच्या हातीं जें येतें तें दिसतें त्याहून मोठें असतें. सात वर्षांच्या मुलाला कोठें उभें करावें, कोणाला आज बाहेर बसवावें, कोणाचें नांव नीट उच्चारण्याचे कष्ट घ्यावे, हे निर्णय तोच करितो. आणि त्यावर अपील नसतें. सामन्यांत कोणी वर्णावरून अपशब्द काढला तर खरी कसोटी लागते. धंदेवाईक सामन्यांत आज पंचाला खेळ थांबविण्याचा, संघांना आंत नेण्याचा आणि शेवटीं सामना रद्द करण्याचा अधिकार आहे. प्रेक्षकांना ध्वनिक्षेपकावरून ताकीदहि देतात. मुलांच्या मैदानावर ध्वनिक्षेपक नसतो. तेथें शिक्षकानेंच पंचाला जाऊन सांगावें लागतें, नेमके शब्द व वेळ टिपून ठेवावी लागते, क्लबाच्या बालकल्याण अधिकाऱ्याकडे व जिल्हा असोसिएशनकडे तक्रार लिहून धाडावी लागते. यांत रविवारची संध्याकाळ जाते आणि शेजारच्या क्लबाशीं वांकडें येतें. या सर्वांआधीं करावयाचें काम मात्र कोणत्याहि नियमावलींत सांपडत नाहीं: ज्या मुलाला तो शब्द लागला त्याच्याजवळ जाऊन बसणें. “लक्ष देऊं नकोस, खेळ” असें म्हणून त्याला परत धाडणारा शिक्षक आपल्या समजुतीनें धीरच देत असतो. मुलाला मात्र त्यांतून एवढेंच कळतें कीं हें सोसणें आपल्या खेळाचाच भाग आहे.

हें काम संपलें नाहीं, याची खूण ११ जुलै २०२१ रोजीं पटली. युरोपियन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत इंग्लंडचे रॅशफर्ड, सँचो व साका या तिघांच्या पेनल्टी वायां गेल्या, इटलीनें बाजी मारली, आणि त्याच रात्रीं या तिघांवर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. साका त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता. १८८६ मध्यें मैदानावर उभें राहून द्यावी लागणारी शिवी आतां घरच्या खुर्चींत बसून देतां येऊं लागली, एवढाच काय तो फरक! पुढच्या वर्षीं अशा अपराध्यांना सामन्यांस येण्याची बंदी करण्याची तरतूद कायद्यांत झाली. म्हणजे कायदा याहि वेळीं मागूनच आला. पण याच तिघांच्या चरित्रांत आमच्या सिद्धांताचा दुसरा पुरावाहि आहे. रॅशफर्ड मँचेस्टरच्या फ्लेचर मॉस रेंजर्स या मुलांच्या क्लबांतून आला, साका लंडनच्या ग्रीनफर्ड सेल्टिकमधून. हे स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे क्लब आहेत. या मुलांचा वर्ण पाहण्याआधीं त्यांचा खेळ पाहणारा मनुष्य तेथें कोणी तरी, एखाद्या थंडीच्या सकाळीं, हजर होता.

कायदे नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. १९९१ चा कायदा नसता तर मैदानें आज आहेत तेवढींहि सभ्य झालीं नसतीं. पण कायदा शिवी देणाऱ्याला शिक्षा करूं शकतो, शिवी न सुचणारा मुलगा तयार करूं शकत नाहीं. तें काम ज्यांच्याकडे आलें आहे त्यांना वेतन नाहीं, आणि त्यांची नांवें इतिहासांत यावयाचीं नाहींत. त्यांतील पुष्कळांना आपण इतिहास घडवीत आहों याची जाणीवहि नसेल. मुलें वेळेवर येतील कीं नाहीं आणि चेंडूंत हवा आहे कीं नाहीं, एवढीच त्यांना चिंता असते.