ताकाशी शिमुरा : एका चरित्र-अभिनेत्याची कारकीर्द

जपानच्या ह्योगो प्रांतात, चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या इकुनो गावी १९०५ साली जन्मलेल्या ताकाशी शिमुरा यांच्या घराण्याला सामुराईंचा वारसा होता. परंतु वडील सेवानिवृत्त झाल्यावर विद्यापीठातील इंग्रजी साहित्याचे अध्ययन रात्रीच्या वर्गांवर ढकलून त्यांना ओसाका शहराच्या पाणीपुरवठा खात्यात चाकरी पत्करावी लागली, आणि नाटकाच्या नादापायी गैरहजेरी वाढत जाऊन अखेर तीही सुटली.

१९३४ साली ते चित्रपटसृष्टीत आले. पोलीस, गावकरी, सरदार, जे पदरी पडेल ते त्यांनी निष्ठेने केले. १९३९ च्या ‘ओशिदोरी उतागास्सेन’ या संगीतपटात तर जुन्या चीजवस्तूंच्या वेडाने पछाडलेला छत्र्या बनवणारा बाप रंगवताना ते गायलेही. १९४३ पासून अकिरा कुरोसावा यांच्याशी त्यांचा जो ऋणानुबंध जुळला, त्यातून त्या दिग्दर्शकाच्या ३० पैकी २१ चित्रपटांत ते दिसले.

त्यांपैकी ‘इकिरू’ (१९५२) मला सर्वश्रेष्ठ वाटतो. सांडपाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन आलेल्या बायकांना एका मेजावरून दुसऱ्या मेजाकडे पिटाळणाऱ्या नगरकचेरीत, दफ्तरांच्या ढिगाआड बसून कागदांवर निमूटपणे शिक्के उठवणारा वातानाबे हा अंमलदार, पोटाच्या कर्करोगाने मृत्यू समोर उभा राहिल्यावर, त्याच डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग व्हावी म्हणून वरिष्ठांपुढे पुनःपुन्हा मान लववीत उभा राहतो. ही भूमिका करताना शिमुरा अवघे ४७ वर्षांचे होते. तरीही ती वाकलेली पाठ, ते विस्फारलेले डोळे आणि घशातच विरणारा तो आवाज पाहताना, पाणीपुरवठा खात्यातील कारकुनी त्यांनी जवळून अनुभवली होती, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

दोनच वर्षांनी, ‘शिचिनिन नो सामुराई’मध्ये, हाच नट कांबेई नावाचा सामुराई झाला. चोराने ओलीस धरलेल्या बालकाच्या सुटकेसाठी, सामुराईची प्रतिष्ठा ज्या शेंडीत सामावलेली, ती उतरवून तो भिक्षूचा वेष घेतो, भाताचे गोळे हाती घेऊन चोर दडलेल्या झोपडीकडे जातो. आणि पुढे विचारात पडला की मुंडित मस्तकावरून तळवा फिरवतो. त्याच १९५४ साली ‘गोजिरा’मधील वृद्ध शास्त्रज्ञही त्यांनीच साकारला.

‘कागेमुशा’ (१९८०) हा त्यांचा कुरोसावांबरोबरचा अखेरचा चित्रपट. १९८२ साली ते निवर्तले. रसिकांनी ‘इकिरू’ आणि ‘शिचिनिन नो सामुराई’ लागोपाठ पाहावेत. पहिल्यातला कारकून दुसऱ्यातल्या सेनानीत शोधूनही सापडणार नाही.