चिली सॉस, हिरवा (कोलकाता)

हिरव्या मिरच्या, व्हिनेगर, मीठ आणि थोडी साखर यांपासून केलेला तिखट-आंबट, बाटलीबंद सॉस. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आली. या सॉसची कोलकात्यातली रीत मात्र तिथल्या चिनी वस्तीची. टिरेटा बाजारातील पौ चाँग हे १९५८ पासूनचे नाव त्यात सर्वांत परिचित.

या सॉसचा वापर खिदिरपूरच्या गाड्यांवर पाहावा; हा कोलकात्याचा बंदराकडचा भाग. येथील गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. शेजारच्या मटियाबुर्जमध्ये अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ नंतर राहिला. गोदीकामगारांची भूक आणि लखनवी कबाब-पराठा असा हा शेजार. रोल आणि चाऊमिनच्या गाड्या इथे शोभतात. रोलवाला तव्यावर अंडे फोडून त्यावर पराठा दाबतो, उलटतो, कबाब, उभा चिरलेला कांदा, कच्ची मिरची घालतो आणि झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून सॉसची एक रेघ ओढून कागदात गुंडाळतो. जुन्या वळणाच्या खवय्यांना ही रेघ खपत नाही; लिंबू पुरे, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्तच आहे. तेलकट पराठ्याला तिखटाहून आंबटाची गरज अधिक, आणि सॉसमध्येही खरे काम व्हिनेगरच करते. शेजारच्या लाल बाटलीतला ‘टोमॅटो सॉस’ पुष्कळदा भोपळ्याचा असतो.

व्हिनेगरमुळे सॉस टिकतो, पण त्याच्या आम्लाने मिरचीतले हरितद्रव्य बदलून रंग मळकट, शेवाळी होतो. बाजारातल्या झगझगीत हिरव्या बाटलीत म्हणूनच बहुधा खाद्यरंग असतो.

स्वयंपाकात हा सॉस शेवटी घालावा. मोठ्या आचेवर आधी घातला तर त्यातली साखर कढईला धरते. चिली चिकनमध्ये सोया सॉसही खारट असल्याने मीठ हात राखून घालावे. चिकन मुरवतानाही हा चिली सॉस चालतो. बंगाली फिश फ्रायबरोबर मात्र मोहरीची कासुंदीच हवी.

अमेरिकेतला ‘पिकान्ते सॉस’ याच्या नात्यातला, पण जात वेगळी. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे डेव्हिड पेस याने १९४७ मध्ये तो बाजारात आणला. त्यात टोमॅटो, कांदा आणि हालापेन्यो मिरच्यांचे तुकडे असतात. अंडी, मांस, मक्याच्या पोळ्या यांवर तो चमच्याने ओततात. त्याऐवजी कोलकात्याचा सॉस वापरायचा तर शिजवलेल्या टोमॅटो-कांद्यात एखादा चमचाच घालावा.

आपल्या ठेच्याची जागा हा सॉस घेऊ शकत नाही. ठेच्यात मिरची तव्यावर परतून लसूण-मिठाबरोबर खरबरीत ठेचतात, व्हिनेगर नसते. त्यामुळे मिरचीचा स्वतःचा वास राहतो. भाकरीला तोच लागतो. महाराष्ट्रात सॉसची बाटली चायनीजच्या गाडीवर रुळली. त्या गाड्यांवरचे मांचुरियन, प्रचलित माहितीनुसार, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात प्रथम केले. त्यांनी आले, लसूण, हिरवी मिरची घेतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस वापरला.