कल्याणच्या बत्तीस तबकड्या

अंबरनाथचे शिवालय पाहुण्यांना दाखविताना शिलालेखातील शके ९८२ हा आकडा आम्ही अभिमानाने सांगतो. त्याच आगगाडीच्या वाटेवर, कल्याणला, १९६५ साली आकाशाकडे कान लावून उभ्या राहिलेल्या बत्तीस तबकड्यांची आठवण मात्र उल्हासनगर-बदलापुराकडे क्वचितच कोणी काढतो.

या तबकड्या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या. सिडनीजवळ पॉट्स हिल येथे, जलाशयाच्या काठी, क्रिस्तियान्सेन यांनी सूर्याच्या रेडिओ लहरी टिपण्यासाठी त्या मांडल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास अवघा सहा फूट! गोविंद स्वरूप १९५३ साली तेथे शिकावयास गेले. तबकड्या मोडीत निघणार असे कळताच त्या भारतास मिळाव्यात अशी खटपट त्यांनी केली. देणगी मिळाली, पण जहाजाचे भाडे कोणी द्यावयाचे या घोळात काळ लोटला. स्वरूप अमेरिकेस गेले आणि तबकड्या दिल्लीस पडून राहिल्या. (भाड्यापायी विद्या अडते हे काही आपल्याकडे नवे नाही.) होमी भाभांनी बोलावल्यावरून स्वरूप १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, तेव्हा कुठे त्या बाहेर निघाल्या.

कल्याणास चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या रांगेत व आठ दक्षिणोत्तर रांगेत बसविल्या. एकटी तबकडी दुबळीच. परंतु साऱ्यांचे संकेत एकत्र आणले म्हणजे रांगेएवढ्या दुर्बिणीची बारकाई हाती येते. ४९ सेंटिमीटरच्या लहरींवर त्यांनी सूर्य पाहिला.

लहर किती जोरदार एवढेच नव्हे, तर ती डोलते कशी हेही मोजता येते. दोरीचे टोक वरखाली हलविले तर दोरी एका पातळीत डोलते. हात गरगर फिरविला तर तिच्यात मळसूत्री पीळ पडतो. हेच ध्रुवण. सूर्यडागांवरून येणाऱ्या लहरींत असा पीळ असतो. ती चुंबकीय क्षेत्राची खूण. आता गंमत अशी, की दूरच्या रेडिओ-दीर्घिकांत सहसा एका पातळीतले डोलणेच अधिक दिसते, पीळ नाममात्र. परंतु १९९९ साली आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून, २६,००० प्रकाशवर्षांवरून, येणाऱ्या सेंटिमीटर-लहरींत उलटेच आढळले. आणि लवकरच सव्वा कोट प्रकाशवर्षांवरच्या एम ८१ या दीर्घिकेच्या केंद्रातही तेच. वाटेतील चुंबकित वायू पातळीतले डोलणे विस्कटून टाकतो, पीळ तेवढा तगतो, असा त्याचा उलगडा केला जातो.

हे शोध परदेशी दुर्बिणींचे. पण कल्याणास हात बसलेल्या मंडळींनी उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण १९७० साली चालू केली, आणि त्यानंतर जुन्नर तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांतील प्रत्येक तबकडी दोन्ही ध्रुवणे वेगवेगळी टिपते.