अनियमित नाडी ते सहा कोटी रुग्ण : एट्रियल फिब्रिलेशन मोजण्याचा इतिहास

एट्रियल फिब्रिलेशनवरचा कुठलाही पेपर उघडा, पहिलं वाक्य जवळपास ठरलेलं असतं : या आजाराचं ओझं जगभर वाढत आहे. आपणही प्रपोजलमध्ये ते तसंच उतरवतो. पण ‘वाढतंय’ म्हणजे नेमकं काय? आजार वाढला, माणसांचं आयुष्य वाढलं, की मोजायची साधनं सुधारली?

आधी आजार थोडक्यात. हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे एट्रिया, एका तालात आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. नाडी बेताल होते. वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेली की पक्षाघात.

बोटांपासून ईसीजीपर्यंत

बेताल नाडी वैद्यांना पूर्वीपासून माहीत होती, कारण माहीत नव्हतं. इंग्लंडमधल्या बर्न्ली गावात जेम्स मॅकेन्झी नावाचे जनरल प्रॅक्टिशनर होते. पॉलिग्राफ या यंत्रावर ते रुग्णांच्या मनगटाची आणि मानेतल्या शिरेची स्पंदनं एकाच वेळी नोंदवायचे. मायट्रल झडप आकसलेल्या काही रुग्णांत त्यांना दिसलं की नाडी कायमची बेताल झाली, की वरच्या कप्प्याच्या आकुंचनाची लाट आलेखातून गायब होते. निरीक्षण अचूक होतं. पण त्यांनी अर्थ लावला तो कप्प्याला लकवा झाल्याचा.

कोडं सोडवलं नव्या साधनानं. लायडनमध्ये आइन्थोवन यांनी ईसीजी विकसित केला होता. १९०९ मध्ये लंडनला थॉमस लुईस यांनी त्याच्या आधारे दाखवलं की कप्पा निपचित नाही, तो थरथरतोय. आजाराला ओळख मिळाली, म्हणजेच तो मोजता येऊ लागला.

फ्रॅमिंगहॅमचे आकडे

पण हॉस्पिटलात येणारे रुग्ण मोजून समाजातलं प्रमाण कळत नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यातून १९७८ मध्ये आलेल्या पेपरनं सांगितलं की झडपेचा र्‍हुमॅटिक आजार नसतानाही एट्रियल फिब्रिलेशन असेल तर पक्षाघाताचा धोका ५.६ पट असतो. तो आजार सोबत असेल तर १७.६ पट. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग वाढ खरी की भास?

ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजच्या अंदाजानुसार १९९० मध्ये जगात सुमारे २.८ कोटी रुग्ण होते, २०१९ मध्ये सुमारे ६ कोटी. दुपटीहून जास्त! पण वयानुसार समायोजित केलेला दर बघितला, तर तो या काळात जवळपास तिथेच आहे. म्हणजे मोठा वाटा लोकसंख्यावाढीचा आणि लांबलेल्या आयुष्याचा. ओझं खोटं नाही; हॉस्पिटलला माणसं सांभाळायची असतात, दर नाही. पण ‘साथ पसरली’ असं त्यावरून म्हणता येत नाही.

साधनांचा परिणामही बघा. डेन्मार्कमधल्या लूप चाचणीत (२०२१) सत्तरी ओलांडलेल्या काही जणांच्या त्वचेखाली सतत नोंद करणारं यंत्र बसवलं. त्यांच्यात निदानाचं प्रमाण ३१.८ टक्के, नेहमीच्या तपासणीत १२.२ टक्के. निदान अडीच पटीहून जास्त, पण पक्षाघात मात्र लक्षणीय कमी झाले नाहीत. जास्त शोधलं की जास्त सापडतं. सापडलेलं प्रत्येक तितकंच घातक असतं असं नाही.

आपल्याकडचा प्रश्न

आता ते दोन आकडे. श्रीमंत देशांत हा प्रामुख्याने उतारवयातला आजार. भारतात मात्र लहानपणीच्या र्‍हुमॅटिक तापानं झडपा खराब झालेले, बरेच तरुण रुग्णही आहेत, म्हणजे १७.६ च्या बाजूचे. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांतून झडप जास्त आकसलेले रुग्ण वगळले होते. त्यांच्यासाठी वेगळी इन्व्हिक्टस चाचणी झाली, भारतासह २४ देशांत, साडेचार हजारांवर रुग्णांवर. सरासरी वय पन्नाशीच्या आसपास. २०२२ मध्ये निकाल आला : नवी रिव्हरोक्सबॅन नाही, तर वॉरफरिनच्या गटातल्या जुन्या, स्वस्त गोळ्या सरस ठरल्या. त्या घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. दुसऱ्या लोकांवरचा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावला असता, तर किंमत रुग्णांनी मोजली असती.

म्हणून मित्रांनो, प्रपोजलमध्ये ‘ओझं वाढतंय’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. आकडा एकूण रुग्णांचा आहे की दराचा? मोजलं कशानं? आणि कोणाला मोजलं? तिसऱ्याचं उत्तर ‘आपल्याकडच्या लोकांना नाही’ असं आलं, तर निराश होऊ नका. तुमचा रिसर्च क्वेश्चन बहुधा तिथेच आहे.