विरूप मुखाची कुळकथा

बंगळूरचे चित्रकार युसूफ अरक्कल यांच्या चित्रांतील झाकोळलेल्या चेहऱ्यांची वंशावळ शोधू गेल्यास ती रोमच्या धर्मगुरूंच्या दरबारापर्यंत जाऊन भिडते, असे म्हटले तर प्रथमदर्शनी अतिशयोक्ती वाटेल. परंतु दाखले तसेच आहेत. १६५० मध्ये वेलास्केथने पोप दहावा इनोसंट याचे जे व्यक्तिचित्र केले, त्यात लाल रेशमाच्या झळाळीतही त्या डोळ्यांतला संशय त्याने लपविला नाही. तीन शतकांनंतर, १९५३ मध्ये, लंडनच्या फ्रान्सिस बेकनने तोच पोप पुन्हा आसनावर बसविला. मात्र लाल वस्त्र जांभळे केले, उभे फराटे ओढून सारी आकृती जणू गजांआड कोंडली, आणि मिटलेल्या ओठांच्या जागी किंकाळीने वासलेले तोंड रंगविले. सादृश्य गेले, भय मात्र साक्षात उभे राहिले.

रंगाला हुबेहूबपणाच्या चाकरीतून मुक्त करण्याचे श्रेय मी व्हॅन गॉगला देतो. १८८८ मध्ये आर्ल येथे यूजीन बॉख या चित्रकार स्नेह्याचे चित्र करताना केसांचा पिवळेपणा नारिंगीपर्यंत चढविण्याचा संकल्प त्याने भावाला पत्राने कळविला, आणि मस्तकामागे भिंत न रंगविता तारांकित निळे आकाश पसरले.

आपल्याकडे सादृश्य मोडून चेहरा विरूप करण्याच्या या रीतीला सर्वांत तिखट रूप दिले ते गोव्यातील साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी. १९४५ मध्ये जे. जे. कलाशाळेतून काढून टाकले गेलेल्या आणि १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह गटाच्या स्थापनेत अग्रभागी असलेल्या या पुरुषाने डोळे थेट कपाळावर चढविले, जाड काळ्या रेषेने चेहरा कोरला, आणि चर्चमधील संतांच्या प्रतिमांचे वैभव व दहशत दोन्ही त्यात ओतली.

अरक्कल यांची प्रकृती निराळी. केरळात जन्मलेले, बालपणीच आई-वडिलांना मुकून बंगळुरास आलेले, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या नोकरीत असताना चित्रकला परिषदेत शिकलेले हे गृहस्थ आक्रोश न रंगविता एकाकीपण रंगवीत. त्यांच्या माणसांचे नाकडोळे करड्या-तपकिरी छायेत विरघळतात, आणि ओळख पुसल्यावर उरलेले दुःख कुणा एकाचे राहत नाही. सूझांच्या आघाताइतकेच हे मौन मला श्रेष्ठ वाटते. २००५ मध्ये फ्लॉरेन्सच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले, आणि ज्या चित्राला ते मिळाले त्याच्या नावातच बेकनचा माणूस आहे.